किल्ला चढूनही काटा हलेना?

साताऱ्यात पहाटे अजिंक्यतारा किल्ल्याचा चढ धरणाऱ्या बायकांच्या घोळक्यात एक तक्रार हमखास कानावर येते : "दोन महिने झाले, रोज येतेय, पण वजन काही हलत नाही." मग तिसऱ्या महिन्यात त्यातल्या निम्म्या जणी दिसेनाशा होतात. वाईट वाटतं, कारण फायदा सुरू झालेला असतो. फक्त तो वजनकाट्यावर दिसत नाही.

आधी हिशोब बघा. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. सत्तर किलोची बाई पाऊण तास झपझप चालली, तर दोनशेच्या आसपास खर्च होतात. म्हणजे एक किलो उतरायला महिन्याहून जास्त, तेही खाणं जराही न वाढवता. आणि चालून आल्यावर भूक तर सपाटून लागते. वाटेत कंदी पेढ्यांची दुकानंही असतात.

खरी गंमत मांडीच्या आणि पोटरीच्या स्नायूंत घडते. जेवणानंतर रक्तात साखर वाढली की इन्शुलिन स्नायूंना इशारा देतं. मग पेशींच्या आत थांबलेले 'ग्लुट-4' नावाचे वाहक पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. पोटात चरबी साठली, ती यकृतात आणि स्नायूंतही उतरली, की हा इशारा नीट पोचत नाही. स्वादुपिंड बिचारं जास्त इन्शुलिन ओतत राहतं. रिपोर्टमध्ये साखर नॉर्मल दिसते तेव्हाही हे वर्षानुवर्षं चाललेलं असू शकतं. पाळी जाण्याच्या वयात इस्ट्रोजेन कमी होतं, चरबी नितंबांऐवजी पोटाकडे सरकते, म्हणून चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांना याचा धोका वाढतो.

पण स्नायू आखडू-सैलावू लागला की हेच वाहक इन्शुलिनची वाट न बघता वर येतात. पुढचं दार अडलं असलं तरी साखर मागच्या दारानं आत जाते. शिवाय व्यायाम थांबल्यावरही एक-दोन दिवस स्नायू इन्शुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतात. नंतर तो परिणाम ओसरतो. रविवारी एकदाच किल्ला गाठून आठवडाभर बसून राहणं म्हणूनच फारसं कामाचं नाही. सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको, असं मधुमेहाचे तज्ज्ञ सांगतात ते याचमुळे.

वजन न उतरता फायदा होतो, याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 जणांवर चेन्नईत झालेला अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. चालणं आणि आहार सुधारलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटलं. त्यांचं वजन मात्र जवळपास तेवढंच राहिलं होतं. पोटाच्या आतली, अवयवांभोवतीची चरबी नियमित एरोबिक, म्हणजे चालण्यासारख्या दम वाढवणाऱ्या व्यायामानं कमी होते. वजन जैसे थे असतानाही.

भारतीयांच्या बाबतीत काटा आणखीच फसवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! म्हणून आपल्याकडे बायकांनी कंबरेला टेप लावावी. 80 सेंटिमीटरच्या वर गेली तर सावध. त्याच्या जोडीला ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 150 किंवा जास्त, चांगलं कोलेस्टेरॉल 50 पेक्षा कमी, रक्तदाब 130/85 किंवा वर, उपाशीपोटी साखर 100 किंवा वर, यांतलं काहीही दोन जुळलं की डॉक्टर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, म्हणजे मधुमेह-हृदयविकाराकडे नेणारा बिघाडांचा संच. व्यायामानं ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब लवकर वळणावर येतात. चांगलं कोलेस्टेरॉल हळूहळू आणि थोडंच वाढतं.

"दिवसभर घरात राबते, मग वेगळा व्यायाम कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. राबणं खरंच असतं. पण ओट्याशी उभं राहणं, दोन खोल्यांत ये-जा, यात श्वास आणि नाडी सलग वाढलेली राहत नाहीत. शेतात भांगलायला जाणाऱ्या बाईचं गणित निराळं, तिला हा उपदेश करायची गरज नाही. बाकीच्यांसाठी कसोटी सोपी : चालताना गप्पा मारता याव्यात, गाणं म्हणता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटना अशा व्यायामाची आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते. पहाटे जमत नसेल तर रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललं, तरी त्या जेवणाची साखर कमी चढते.

नव्यानं सुरुवात करणारीनं मात्र एकदम चारभिंती स्मारकाचा चढ गाठू नये. आधी काही आठवडे सपाट रस्ता धरावा, गुडघे दुखत असतील तर सायकल किंवा पोहणं बरं. इन्शुलिन किंवा साखरेच्या काही गोळ्या चालू असतील, तर चालताना साखर एकदम उतरू शकते. डोस डॉक्टरांना विचारून ठरवावा आणि पर्समध्ये साखरेची पुडी ठेवावी. चढताना छातीत दाटून आलं, तर तिथंच थांबून त्याच दिवशी तपासून घ्यावं.