शार्लट कुशमन : गळा गेला, रंगभूमी मिळाली

अमेरिकन नटी शार्लट कुशमन रंगभूमीवर आली ती गायला. १८१६ साली बोस्टनमध्ये जन्मलेल्या या मुलीच्या वडिलांचा धंदा बुडाला आणि आई-भावंडांच्या पोटापाण्याचा भार तिच्यावर पडला. १८३५मध्ये मोझार्टच्या ‘द मॅरेज ऑफ फिगारो’ या ऑपेरात ती काउंटेस झाली. पण आवाज मुळात खालच्या पट्टीचा. तो वर ताणता ताणता न्यू ऑर्लिन्सला पोहोचेपर्यंत गळा बसला तो बसलाच.

मग तिने तिथेच शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’मधली लेडी मॅक्बेथ करायचं ठरवलं, पण अंगावर घालायला पोशाख नव्हता. एका फ्रेंच नटीकडून तो उसना आणला. ती ठेंगणी आणि गोलमटोल, ही उंच नि सडपातळ! टाके घालून तो चहूकडून आवळला, तेव्हा कुठे काम भागलं.

पुढे न्यूयॉर्कच्या पार्क थिएटरमध्ये ‘गाय मॅनरिंग’ या नाटकातल्या मेग मेरिलीज या म्हाताऱ्या जिप्सी बाईच्या भूमिकेने तिला नाव दिलं. भूमिका तशी छोटी, पण लोक तिच्यासाठीच नाटकाला येऊ लागले. रूपगर्वितांच्या त्या जमान्यात रुंद जबडा आणि घोगरा आवाज ही उणीवच मानली जाई. कुशमनने त्यावरच कारकीर्द उभी केली.

तरी तिचं खरं धाडस लंडनमधलं. डिसेंबर १८४५मध्ये हेमार्केट थिएटरात ती रोमिओ म्हणून उभी राहिली. ज्युलिएट होती तिची धाकटी बहीण सुसान. नवऱ्याने टाकलेल्या या बहिणीला नाटकात आणलंही तिनेच. तेव्हा सर्रास अठराव्या शतकातला नट डेव्हिड गॅरिक याने फिरवलेली संहिता चाले. त्यात रोमिओ मरण्याआधीच ज्युलिएट जागी होते. कुशमनने ती बाजूला ठेवून शेक्सपिअरची मूळ संहिता घेतली. समीक्षक तिच्या तलवारबाजीवरही खूश झाले. अमेरिकेतल्या एका प्रयोगात प्रेमप्रसंग चालू असताना कुणीतरी मुद्दाम खोटं शिंकलं. तेव्हा ज्युलिएटला विंगेत सोडून ती परत आली आणि ‘याला कुणी पुरुषाने बाहेर काढावं, नाहीतर मीच काढते’ असं तिने बजावलं, अशी आठवण सांगतात.

१८५०च्या दशकात तिने रोममध्ये बिऱ्हाड केलं. शिल्पकार हॅरिएट हॉस्मर तिच्याच वर्तुळातली. एमा स्टेबिन्स तर तिची जन्माची जोडीदार. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या बेथेस्डा कारंज्यावरचा देवदूत या एमाच्याच हातचा.

यादवी युद्धात कुशमनने जखमी सैनिकांच्या मदतीसाठी प्रयोग केले. वॉशिंग्टनच्या प्रयोगाला स्वतः अध्यक्ष लिंकन हजर होते.

१८६९मध्ये स्तनाचा कर्करोग निघाला, तरी ती परत उभी राहिली. ‘निरोपाचे’ प्रयोग तिने इतक्यांदा केले की त्यावर टिंगलही झाली. नोव्हेंबर १८७४मध्ये न्यूयॉर्कने तिला लॉरेलचा मुकुट घालून निरोप दिला, त्यानंतरही तिचे प्रयोग होतच राहिले. फेब्रुवारी १८७६मध्ये ती बोस्टनलाच न्यूमोनियाने गेली.