वेगळा टेस्टर आला कुठून?

2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या अनेक विभागांत डेव्हलपर आणि टेस्टर ही दोन पदे एकत्र केली, तेव्हा टेस्टरची जमात आता संपणार अशी हाकाटी झाली. ज्याने कोड लिहिला त्यानेच तो तपासावा, की तपासायला दुसरा माणूस हवा? हा वाद तेव्हा नव्याने पेटला खरा, पण तो संगणकाच्या पहिल्या पिढीइतका जुना आहे. टेस्टिंगचा इतिहास बहुतेक वेळा तंत्रांच्या आणि साधनांच्या जंत्रीतून सांगितला जातो. मला तो या एका वादातून अधिक नीट उलगडतो असे वाटते.

सुरुवातीला टेस्टर नव्हताच. 1949 मध्ये केंब्रिजला एडसॅक हा संगणक सुरू झाला. तो उभारणारे मॉरिस विल्क्स यांनी पुढे आठवणींमध्ये लिहिले की, त्या दिवसांत एकदा जिन्यातच त्यांना जाणवले, उरलेल्या आयुष्याचा बराचसा भाग आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. लिहायचे, चालवायचे, बिघडले की दुरुस्त करायचे. यातला शेवटचा भाग म्हणजेच टेस्टिंग. ‘प्रोग्रॅम चालतो का’ आणि ‘ज्यासाठी लिहिला ते काम तो करतो का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, अशी मांडणी चार्ल्स बेकर यांनी 1957 मध्ये केली. पाठोपाठ अमेरिकेच्या मर्क्युरी या अंतराळ प्रकल्पासाठी आयबीएममध्ये जेराल्ड वाइनबर्ग यांनी टेस्टिंगचा वेगळा गट बांधला. आपल्या माहितीत असा गट हा पहिलाच, असे ते सांगत. यानात माणूस बसणार होता, त्यामुळे एकाच्या नजरेवर विसंबून चालणार नव्हते.

विद्यापीठांतला सूर मात्र वेगळा होता. टेस्टिंगने चुका आहेत हे दाखवता येते, चुका नाहीत हे कधीच नाही, असे डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा 1969 मध्ये रोमला भरलेल्या सॉफ्टवेअर परिषदेत म्हणाले. त्यांच्या मते उपाय एकच: प्रोग्रॅम मुळातच असा लिहावा की तो बरोबर असल्याचे सिद्ध करता येईल. तर्काला हे बिनतोड आहे. पण रोज बदलत्या गरजांवर लिहिल्या जाणाऱ्या लाखो ओळींच्या कोडला ते झेपले नाही, आणि टेस्टिंगचा संसार वाढतच गेला. 1972 मध्ये विल्यम हेट्झेल यांनी नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपेल हिल इथे केवळ टेस्टिंगवर परिषद भरवली.

वेगळ्या टेस्टरची खरी बाजू मांडली ती ग्लेनफर्ड मायर्स यांनी, 1979 च्या ‘द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग’ या पुस्तकात. त्यांचा मुद्दा मानसशास्त्राचा होता. प्रोग्रॅम बरोबर आहे हे दाखवायला बसलेला माणूस नकळत तसेच इनपुट निवडतो. म्हणून टेस्टिंग करायचे ते चूक सापडावी याच हेतूने, आणि शक्यतो आपल्या प्रोग्रॅमचे आपण करायचे नाही. पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्यांनी वाचकाची परीक्षा घेतली आहे. तीन पूर्णांक घेऊन त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज हे सांगणारा प्रोग्रॅम आहे. त्याच्यासाठी टेस्ट केस, म्हणजे तो तपासायची उदाहरणे, लिहा. 1, 2, 3 या बाजू दिल्या तर? त्यांचा त्रिकोणच होत नाही. शून्य दिले तर? ऋण संख्या? समान बाजूंचा क्रम बदलला तर? अनुभवी प्रोग्रॅमरनाही 14 पैकी सरासरी 7.8 गुण पडत, असे मायर्स नोंदवतात. इतक्या बारक्या प्रोग्रॅमची ही कथा.

त्यानंतर काही वर्षांतच हा प्रश्न जीवघेणा ठरला. थेरॅक-25 या किरणोपचार यंत्राने 1985 ते 1987 या काळात सहा रुग्णांना अतिरेकी मात्रा दिली आणि त्यांतले काही दगावले. यंत्राचे सॉफ्टवेअर एकाच माणसाने लिहिले होते. आधीच्या मॉडेलमध्ये धोका रोखणारी स्वतंत्र यांत्रिक कुलुपे होती, नव्यात ती काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर टाकली होती. एक दोष तर असा की, ऑपरेटरने उपचाराचा प्रकार चुकीचा टाकून तो काही सेकंदांतच झटपट दुरुस्त केला तरच तो उमटे. सावकाश टायपिंग केले की सगळे ठीक. टेक्सासमधल्या टायलर इथल्या रुग्णालयातल्या भौतिकशास्त्रज्ञाने आणि ऑपरेटरने पुन्हा पुन्हा टायपिंग करून तो वेग गाठला, तेव्हा कुठे दोष हाती लागला. सरावलेला माणूस कीबोर्डवर कसा हात चालवतो, हे त्यांना ठाऊक होते.

एरियन-5 रॉकेटचे पहिले उड्डाण 4 जून 1996 रोजी सुमारे 40 सेकंदांत संपले, तेही एरियन-4 मधून जसाच्या तसा उचललेल्या कोडमुळे. 64 बिटांची संख्या 16 बिटांत मावली नाही. नव्या रॉकेटच्या उड्डाणमार्गाचे आकडे देऊन तो भाग कोणी तपासलाच नव्हता.

मधल्या काळात पेशाभोवती कागद वाढला. टेस्टिंगच्या दस्तऐवजांचे आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संघटनेचे 829 हे मानक 1983 चे, टेस्टरना प्रमाणपत्रे देणारी आयएसटीक्यूबी ही संस्था 2002 ची. 2013 मध्ये टेस्टिंगचे आयएसओ-29119 हे आंतरराष्ट्रीय मानक आले आणि पुढच्याच वर्षी टेस्टरनीच त्याच्याविरुद्ध सह्यांची मोहीम उघडली. तो राग मला रास्त वाटतो. टेस्ट प्लॅनची पाने भरली म्हणजे काम झाले, ही समजूत अशा मानकांनी पोसली.

इकडे काटा पुन्हा डेव्हलपरकडे झुकत होता. केंट बेक यांनी स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसाठी लिहिलेल्या टेस्टिंग चौकटीवरून त्यांनी आणि एरिक गामा यांनी 1997 मध्ये झुरिक ते अटलांटा विमानप्रवासात जावा भाषेसाठी जेयुनिट ही चौकट बेतली. टेस्ट कोडमध्येच लिहायची, तीही शक्यतो आधी. 2004 मध्ये सेलेनियम हे साधन आले आणि ब्राउझरमधले क्लिकसुद्धा स्क्रिप्टकडे गेले. रिग्रेशनचे, म्हणजे बदलानंतर जुने काही बिघडले नाही ना हे पुन्हा पुन्हा तपासण्याचे, कंटाळवाणे काम यंत्राने उचलले हे उत्तमच. पण ती टेस्ट सुचते ती कोड लिहिणाऱ्यालाच, आणि मायर्स यांचा आक्षेप तिथे अजून शाबूत आहे.

त्यावर एक उतारा निघाला तो वादळामुळे. 1988 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातले बार्टन मिलर घरून फोनच्या लाइनवर काम करत होते. विजांमुळे लाइनवर कचरा अक्षरे येत आणि युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे नेहमीचे प्रोग्रॅम कोसळत. त्यांनी विद्यार्थ्यांकडून मुद्दाम वेडेवाकडे इनपुट देववले, तर तपासलेल्यांपैकी पाव ते एक तृतीयांश प्रोग्रॅम कोलमडले. हेच फझिंग. यंत्राला कोणाचीच गृहीतके ठाऊक नसतात, म्हणून ते कोणाच्याच अंगाने विचार करत नाही. मात्र त्याला कळते ते कोसळणे. उत्तर चुकीचे आहे हे ओळखायला बरोबर उत्तर आधी माहीत हवे, आणि कित्येक प्रोग्रॅमच्या बाबतीत ते मिळवणे हीच मुख्य अडचण असते, हे एलेन वेयुकर यांनी 1982 मध्येच दाखवून दिले होते.