औषधी फुग्याआधीची मशागत

काळ्या रानात वखराच्या पाळ्या न देता, ढेकळं तशीच ठेवून सरकी टोबली तर उगवण कशी येईल? हृदयाच्या रक्तवाहिनीत औषध लावलेला फुगा, म्हणजे डीसीबी, वापरतानाही हिशेब हाच. फुग्यावरचं औषध भिंतीत उतरायला 30 ते 60 सेकंदच मिळतात. ब्लॉकेज आधी नीट मोकळं झालेलं नसेल, तर ते औषध वाया जातं. एकदा फुगवलेला डीसीबी दुसऱ्यांदा कामी येत नाही.

बऱ्याच फुग्यांवर पॅक्लिटॅक्सेल असतं, दर चौरस मिलिमीटरला 2 ते 3.5 मायक्रोग्रॅम. 2.5 मिमी व्यासाच्या, 20 मिमी लांब फुग्यावर 3 मायक्रोग्रॅमच्या दराने सगळं मिळून अर्धा मिलिग्रॅमही भरत नाही. एवढंसं औषध भिंतीतल्या पेशींची जादा वाढ रोखतं. जुन्या स्टेंटमध्ये, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणाऱ्या धातूच्या जाळीत, पुन्हा आलेलं ब्लॉकेज आणि बारीक वाहिन्या, इथे डीसीबीच्या उपयोगाचा पुरावा सर्वांत भक्कम आहे.

तयारी मापापासून सुरू होते. आखडलेली वाहिनी खऱ्यापेक्षा बारीक दिसते, म्हणून आधी नायट्रोग्लिसरीन देऊन ती सैल करतात आणि मग माप घेतात. त्या मापाचा साधा फुगा आत नेऊन फुगवतात. त्यात हवा नसते, सलाईन आणि डाय, म्हणजे एक्स-रेमध्ये दिसणारं द्रव्य, असतो. म्हणून फुगा एक्स-रेच्या पडद्यावर स्पष्ट दिसतो. फुगवताना पडद्यावर डमरू दिसला, म्हणजे दोन्ही टोकं फुगली पण मधली कंबर सुटेना, तर तिथे कॅल्शियम आहे असं समजावं. मोटारसायकलच्या टायरात सुमारे 2 अ‍ॅटमॉस्फिअर दाब असतो. न दबणाऱ्या जाड फुग्यात 18 ते 20 पर्यंत नेता येतो. पण कंबर सुटत नाही म्हणून दाब वाढवतच राहणं ही मोठी चूक. टोकांकडची मऊ भिंत फाटते, कॅल्शियम जागचं हलत नाही. तिथे बारीक पात्यांचा कटिंग बलून, तारा लावलेला स्कोअरिंग बलून किंवा धक्कालहरींनी कॅल्शियमला तडे पाडणारा फुगा लागतो. फुगा आत शिरतच नसेल तर रोटाचं बर, म्हणजे कॅल्शियम घासून काढणारं, हिऱ्याचे कण बसवलेलं बारीक टोक, मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेऱ्यांनी फिरणारं.

भिंतीला थोड्या भेगा पडतातच, आणि त्याला घाबरायचं कारण नाही. उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानात पहिला पाऊस जसा खोल मुरतो, तसं उथळ भेगांतून औषध आत जायला मदत होते. खोल, वळणदार, प्रवाह अडवणारी भेग मात्र वेगळी. तिथे डीसीबीचा हट्ट धरू नये, स्टेंट घालावा.

पुढे जाण्याआधी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: उरलेलं अरुंदपण 30 टक्क्यांच्या आत, म्हणजे 2.5 मिमीच्या वाहिनीत किमान 1.75 मिमी वाट. रक्त टोकापर्यंत जोरात धावणं. आणि मोठी भेग नसणं. उघडलेली भिंत परत आखडू शकते, म्हणून काही मिनिटं थांबून पुन्हा चित्र घ्यावं. एकही गोष्ट जुळली नाही तर स्टेंट. ही शक्यता नातेवाइकांना आधीच सांगून ठेवावी, म्हणजे टेबलावरचा बदल त्यांना फसवणूक वाटत नाही.

डीसीबीची लांबी मोजताना फार चुका होतात. साध्या फुग्याने 20 मिमी भिंत दुखावली असेल, तर औषध दोन्ही बाजूंना 2 ते 3 मिमी पुढे जायला हवं, म्हणजे 25 मिमीचा फुगा. दुखावलेली पण औषध न लागलेली कड राहिली, तर पुढच्या काही महिन्यांत तिथेच पुन्हा अरुंदपण येतं. फुग्याच्या लेपाला हात लावायचा नाही, तो आधी ओला करायचा नाही, आणि आत नेताना रेंगाळायचं नाही. वाहत्या रक्तात औषध धुऊन जातं.

गडचिरोली, मेळघाट किंवा पुसदच्या आडगावातून येणाऱ्याला एक फायदा आहे. हार्ट अटॅक नसताना नुसता डीसीबी केला, तर दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बहुधा महिनाभरच लागतात, पुढे एक. अटॅकनंतर मात्र जास्त काळ. विळ्या-कुऱ्हाडीचं काम करणाऱ्याला हा फरक मोठा असतो. तरीही कोणतीही गोळी हंगामाच्या गडबडीत आपल्या मनाने थांबवू नये.

जाताना जुन्या अँजिओग्राफीची सीडी, स्टेंटचं कार्ड आणि क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट सोबत न्यावा. डायचा भार किडनीवर पडतो. उपचारानंतर त्याच रात्रीच्या एसटीने परतू नये, कारण वाहिनी अचानक बंद पडायचा धोका पहिल्या दिवशी जास्त असतो. सुट्टीच्या कार्डावर कोणत्या वाहिनीत किती मापाचा डीसीबी वापरला ते लिहून घ्यावं. छातीत पुन्हा दुखलं तर गॅस समजून ओवा खात बसू नये. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढून ते कार्ड डॉक्टरांपुढे ठेवावं.