दुदुकच्या करुण स्वरामागची घडण

आर्मेनियाच्या दुदुक या सुषिरवाद्याचा स्वर आज जगभर विरहाचा आणि शोकाचा स्वर मानला जातो. मात्र आर्मेनियन गावांत हे वाद्य अंत्यविधीप्रमाणेच लग्नांत आणि सणांतही वाजत आले आहे. त्यामुळे ही ओळख कशी रूढ झाली, हे समजण्यासाठी वाद्याची बनावट आणि विसाव्या शतकाचा इतिहास या दोन्हींकडे वळावे लागते.

दुदुकची नळी मुरवलेल्या जर्दाळूच्या लाकडाची, साधारण 28 ते 40 सेंटिमीटर लांबीची असते. तिच्या तोंडाशी बोरूची रुंद दुहेरी पत्ती बसवतात आणि तिच्यावरची कडी वरखाली सरकवून स्वर जुळवतात. आपल्या सनईलाही दुहेरी पत्तीच असते. पण सनईची नळी खाली रुंदावत जाते आणि तिचा खणखणीत आवाज मंडपाबाहेर पोहोचतो, तर दुदुकच्या एकसारख्या व्यासाच्या नळीतून आणि मोठ्या पत्तीतून खर्जाकडे झुकणारा, मऊ, मानवी कंठाच्या जवळचा आवाज निघतो. पल्ला जेमतेम एका सप्तकाचा असतो. तेवढ्यातच वादक छिद्रे अर्धवट झाकून आणि ओठांचा दाब बदलून स्वर थरथरवतो. दुसरा वादक ‘दाम’ हा आधारस्वर धरतो आणि गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेत तो अखंड ठेवतो. दुदुक मनाला भिडतो, त्याचे मोठे श्रेय या साथीदाराचे आहे असे मला वाटते, कारण मुख्य वादक थांबला तरी त्या स्वरामुळे भाव विरत नाही.

1915 पासून ऑटोमन साम्राज्यात झालेल्या वंशसंहारात लक्षावधी आर्मेनियन मारले गेले आणि वाचलेले सीरिया, लेबनॉन, फ्रान्स, अमेरिका असे विखुरले. लोकगीतांचे थोर संग्राहक कोमितास यांनाही त्या वर्षी 24 एप्रिलला अटक झाली होती. गमावलेल्या गावांची आठवण जपणाऱ्या या समाजासाठी दुदुकचा स्वर सामूहिक स्मरणाचा भाग झाला.

आर्मेनियाबाहेर तो पोहोचला तो प्रामुख्याने दुदुकवादक जिवान गास्पार्यान (1928–2021) यांच्यामुळे. सोव्हिएत काळात निघालेली त्यांची ध्वनिमुद्रिका ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांच्या पुढाकाराने 1989 मध्ये पश्चिमेत पुन्हा प्रसिद्ध झाली. पुढे ‘ग्लॅडिएटर’ (2000) या रोमन कथानकाच्या चित्रपटातही त्यांचा दुदुक वाजला. तेव्हापासून पडद्यावरच्या कोणत्याही प्राचीन दुःखासाठी दुदुक वापरण्याची प्रथाच पडली आणि त्याचे आर्मेनियन संदर्भ मागे पडले, ही खेदाची गोष्ट आहे.

युनेस्कोने 2005 मध्ये दुदुकच्या संगीताला अमूर्त वारशाचा मान दिला. त्याच वेळी ग्रामीण भागातील समारंभांत ते कमी वाजू लागले असून व्यावसायिक कलाकारांच्या मंचापुरते उरत चालले आहे, अशी नोंदही केली. लग्नातली आनंदी नृत्यधून त्यामुळे बाहेरच्या श्रोत्यांपर्यंत क्वचितच पोहोचते.