भू-आच्छादन वेगळं, भू-वापर वेगळा

पुण्याच्या नियोजनाविषयी बोलताना हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. जमिनीवर काय पसरलंय ते आच्छादन: झाडी, गवत, पाणी, माती, डांबर, सिमेंट. माणूस तिथे काय करतो तो वापर.

उपग्रहाला थेट दिसतं ते आच्छादनच. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि अवरक्त परत फेकतं. संवेदक हा फरक टिपतो. त्यामुळे वेताळ टेकडीवरची झाडी आणि हडपसरपलीकडचा ऊस, दोन्ही हिरवेच. 'शहर किती हिरवं' या आकड्यात टेकडी आणि शेत एकत्र मोजलं, तर टेकडीची झीज झाकली जाते, आणि याची मला खरोखर काळजी वाटते.

सदाशिव पेठेत उलटं. छप्पर वरून जसंच्या तसं, खाली मात्र राहत्या घरांच्या अभ्यासिका, खानावळी, कॉट बेसिसच्या खोल्या झालेल्या. पाणी, कचरा, पार्किंग, सगळ्याची गरज बदलली. प्रतिमेत काहीच बदललं नाही. मुळशीचं भातखाचर श्रावणात हिरवंगार, एप्रिलमध्ये नुसती माती. उन्हाळ्यातल्या एकाच प्रतिमेवरून त्याला 'पडीक' ठरवणं हा शेतकऱ्यावर अन्यायच.

पण नुसत्या वापराच्या नकाशावरही भागत नाही. निवासी पट्ट्यात एका सोसायटीत झाडं आणि मोकळी माती, दुसरीत कुंपणापासून कुंपणापर्यंत पेव्हर ब्लॉक. नकाशात रंग एकच. पावसाला तो रंग दिसत नाही. पाणी मुरणार की वाहणार, हे उतार, माती आणि आच्छादन ठरवतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर ज्यांनी पाहिला, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्याआधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा करावाच लागतो. प्रतिमा त्याचा पाया ठरू शकते. वापराची नोंद मात्र गल्लीत फिरून पडताळावी लागते. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या प्रतिमेतला सर्वांत बारीक पिक्सेलही (प्रतिमेतला सुटा चौकोन) १० मीटरचा, त्यात चार मीटरचा ओढा शेजारच्या काँक्रीटमध्ये मिसळून जातो. म्हणून नकाशा समोर आला की आधी विचारा: हे आच्छादन की वापर, प्रतिमा कोणत्या महिन्यातली, पिक्सेल केवढा, आणि जागेवर कोण जाऊन आलं?