फर्स्ट-पर्सन हॉरर गेममधील स्टेल्थ

शत्रूच्या नजरेस न पडता आणि आवाज न करता वाट काढण्याच्या खेळपद्धतीला स्टेल्थ म्हणतात. फर्स्ट-पर्सन हॉरर गेममध्ये खेळाडू पात्राच्याच डोळ्यांनी पाहतो. त्याच्या हातात बहुधा शस्त्र नसते आणि असले तरी त्याने राक्षस सहसा मरत नाही, म्हणून जगायचे तर दडायचे. लपंडावाशी याचे नाते उघड आहे. मात्र इथे राज्य कायम राक्षसावरच असते आणि त्याला धप्पा देता येत नाही.

या पद्धतीचा पाया 'थीफ : द डार्क प्रोजेक्ट' (1998) या गेमने घातला. खेळाडू किती उजेडात उभा आहे, हे त्यात पडद्याच्या तळाशी असलेला एक मणी दाखवतो. गालिच्यावर पाऊल वाजत नाही, लोखंडी जाळीवर खणखणते. पण हा गेम चोराचा आहे. अंधार त्याचा सोबती असतो.

स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सने 'अॅम्नेशिया : द डार्क डिसेंट'मध्ये (2010) ही सोबतच काढून घेतली. कथा 1839 सालची, प्रशियातल्या ब्रेनेनबर्ग किल्ल्यातली. अंधारात लपता येते, पण तिथे जास्त वेळ राहिले की नायकाचे मन ढासळू लागते, आणि कंदिलाचे तेल मोजकेच असते. राक्षसाकडे नुसते पाहिले तरी मन खचते, म्हणून खेळाडू भिंतीकडे तोंड करून पावले ऐकत बसतो. दार उघडायलाही माऊसने ते खरोखर ओढावे लागते. जीव घेऊन पळताना घाईत ते नेमके उलट दिशेला ढकलले जाते. भीती कशी घडवावी, याचे इतके नेमके उदाहरण क्वचितच सापडेल. कॅनडातील रेड बॅरल्सच्या 'आउटलास्ट'मध्ये (2013) कंदिलाची जागा अंधारातही पाहू देणाऱ्या नाइट व्हिजनच्या कॅमेऱ्याने आणि तेलाची जागा बॅटरीने घेतली.

या प्रकाराचा कळस म्हणजे ब्रिटनच्या क्रिएटिव्ह असेंब्लीचा 'एलियन : आयसोलेशन' (2014). यातला परग्रही जीव ठरलेल्या वाटेने फेऱ्या मारत नाही. त्याच्यामागे दोन वेगळ्या यंत्रणा काम करतात. एकीला खेळाडू कुठे आहे ते नेहमी ठाऊक असते आणि ती जीवाला त्या बाजूला वळवते. दुसरी म्हणजे जीवाची स्वतःची बुद्धी. तिला नेमकी जागा सांगितली जात नाही, ती डोळे आणि कान वापरूनच शोध घेते. खेळाडूवरचा ताण फार वाढला की पहिली यंत्रणा जीवाला दूर नेते. म्हणूनच तो सतत आसपास असूनही फसवणूक झाल्यासारखे वाटत नाही. खेळाडूकडे हालचाल टिपणारे यंत्र असते, पण जवळ आलेल्या जीवाला त्याची टिकटिक ऐकू जाते. प्रगती जतन करायलाही भिंतीवरच्या यंत्रात कार्ड घालून काही सेकंद थांबावे लागते, आणि तेवढ्यात मागून हल्ला होऊ शकतो.

वाट दाखवणाऱ्या साधनानेच खेळाडूला उघडे पाडावे, ही अशा गेमची खरी कल्पकता. फ्रिक्शनलच्या 'अॅम्नेशिया : द बंकर'मध्ये (2023) ती सर्वांत उघडपणे दिसते. पहिल्या महायुद्धातला एक फ्रेंच सैनिक खंदकाखालच्या बंकरमध्ये अडकला आहे. जनरेटरचे इंधन संपले की दिवे जातात आणि तिथे फिरणारे श्वापद अधिक आक्रमक होते. मग उरतो हाताने चार्ज करायचा टॉर्च. त्याची घरघर बोगद्यात दूरवर जाते, आणि ती थांबल्यावर भिंतीआडची खरवड जवळ आलेली असते.