वन्यजीव कायदा: बंदुकीपासून माळरानापर्यंत

ब्रिटिश अमदानीत वन्यप्राण्यांना कायद्याचे कवच मिळू लागले ते हत्तीपासून. मद्रास इलाख्यात १८७३ मध्ये आणि पुढे १८७९ मध्ये देशपातळीवर रानटी हत्ती मारण्यावर किंवा पकडण्यावर निर्बंध आले. यामागे कनवाळूपणा नव्हता. फौजेला आणि लाकूडकामाला हत्ती लागत होते. त्याच काळात वाघ मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत होते.

१८८७ च्या पक्षिसंरक्षण कायद्याने विणीच्या हंगामात ठरावीक पक्षी बाळगण्यावर आणि विकण्यावर बंदी घातली, तीही नगरपालिका आणि छावण्यांच्या हद्दीतच. १९१२ च्या कायद्याने शिकारीचा बंद हंगाम ठरवला आणि १९३५ च्या दुरुस्तीने अभयारण्य जाहीर करण्याची सोय केली. हे सगळे कायदे मुळात शिकाऱ्यासाठी होते. यंदा हात आखडता घ्या, म्हणजे पुढच्या हंगामात सावज मिळेल, एवढाच त्यांचा आवाका.

स्वातंत्र्यानंतर वन्यप्राणी हा विषय राज्यसूचीत, म्हणजे फक्त राज्यांनी कायदे करायच्या विषयांच्या यादीत गेला. मुंबई राज्याने १९५१ मध्ये स्वतःचा कायदा केला, इतर राज्यांनी आपापल्या मगदुराप्रमाणे काही केले किंवा केले नाही. एका राज्यात गुन्हा ठरणारी गोष्ट हद्द ओलांडली की बिनघोर करता येत होती. चित्ता याच काळात देशातून नाहीसा झाला; १९५२ मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. पुढे १९६९ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची महासभा दिल्लीत भरली, वाघाची अवस्था जगापुढे आली आणि १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. पण सगळ्या देशाला लागू होईल असा कायदा करायचा तर केंद्राला तो अधिकारच नव्हता.

मार्ग सापडला तो राज्यघटनेच्या कलम २५२ मध्ये. दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून सांगितले, तर राज्यसूचीतल्या विषयावरही संसद कायदा करू शकते. मात्र एकदा तसा कायदा झाला की त्यात बदल करण्याचा हक्क ठराव करणाऱ्या राज्याकडे उरत नाही. एवढी मोठी गोष्ट हातातून सोडायला ११ राज्ये तयार झाली आणि सप्टेंबर १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियम आला. त्या ११ मध्ये महाराष्ट्र नव्हता. आपण तो नंतर स्वीकारला. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्ये दोघांनाही कायदा करता येणाऱ्या यादीत आणला आणि केंद्राचा हात मोकळा झाला.

१९७२ म्हणताच सरसकट शिकारबंदी डोळ्यांपुढे येते, पण मूळ कायद्यात परवाना घेऊन शिकार करण्याची तरतूद होती. ती गेली १९९१ च्या दुरुस्तीने. त्याआधी १९८६ मध्ये संकटग्रस्त प्राण्यांच्या अवयवांच्या देशांतर्गत व्यापारावर टाच आली होती. प्राणी मारण्याची परवानगी देण्याचा मुख्य वन्यजीव रक्षकाचा अधिकार कलम ११ मध्ये आजही आहे, पण अनुसूची १ मधल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतल्या प्राण्याच्या बाबतीत तो माणसाच्या जिवाला धोका किंवा बरे न होणारा आजार वा पंगुत्व एवढ्यापुरताच, आणि लेखी कारणे देऊन. २०२२ च्या दुरुस्तीने सहा अनुसूचींच्या चार केल्या आणि त्यांतली एक आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटिस करारातल्या प्रजातींना दिली.

म्हणजे बंदूक आणि बाजार या दोन्हींवर सरकारला पकड मिळाली. खरी अडचण जमिनीची आहे, आणि ती महाराष्ट्राइतकी क्वचितच कोणी अनुभवली असेल.

१९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून माळढोक या माळरानावरच्या पक्ष्यासाठी सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे, बाजारपेठा, हजारो शेतकऱ्यांची खासगी शेते होती. कायद्यानुसार अभयारण्याचा इरादा जाहीर करणारी अधिसूचना निघाली की त्या जमिनीवर वारसाहक्काखेरीज नवा हक्क मिळवता येत नाही, आणि जिल्हाधिकाऱ्याने एकेका हक्काची चौकशी करून निवाडा द्यायचा असतो. एवढ्या पसाऱ्यात ते होणे नव्हते. लोकांना माळढोक म्हणजे सातबाऱ्यावरचे विघ्न वाटू लागले. २०१२ च्या सुमारास क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, पण तोवर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचे माळढोक बोटांवर मोजण्याइतकेच राहिले होते. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. घनदाट जंगलासाठी बेतलेले हत्यार राबत्या माळरानावर जसेच्या तसे चालवले, हे चुकले. खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने समुदाय राखीव क्षेत्र करण्याची वाट २००२ च्या दुरुस्तीने उघडली, ती या पक्ष्यासाठी फार उशिरा.

पुढचे संकट वरून आले. माळढोक मोठा, वजनदार पक्षी. त्याला समोरचे नीट दिसत नाही. उडताना विजेची तार जवळ आली तरी वळायला वेळ मिळत नाही. मादी साधारणपणे एका वेळी एकच अंडे घालते, त्यामुळे तारेवर गेलेला प्रत्येक पक्षी भरून यायला वर्षे लागतात. तार टाकणारा माणूस शिकारी नाही आणि तारा बहुतांशी अभयारण्याबाहेर आहेत, तेव्हा कायद्याची नेहमीची कलमे तिथे फारशी कामाला येत नाहीत. वाघासाठी २००६ च्या दुरुस्तीने ‘अतिसंरक्षित व्याघ्र अधिवास’ ठरवण्याची खास तरतूद झाली. माळढोकासाठी तशी काही नाही.

ही उणीव न्यायालयाने भरून काढायचा प्रयत्न केला. २०१३ मध्ये गीरचे काही सिंह दुसरीकडे हलवण्याबाबतच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने माळढोकासह काही प्रजातींसाठी पुनरुज्जीवनाचे कार्यक्रम तातडीने हाती घेण्यास सांगितले. २०१९ मध्ये विजेच्या तारांबाबत याचिका दाखल झाली. याचिकाकर्त्यांत एम. के. रणजितसिंह होते. १९७२ च्या कायद्याचा मसुदा तयार करण्यात ज्या सनदी अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता, तेच हे. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने राजस्थान आणि गुजरातमधल्या माळढोक क्षेत्रात तारा जमिनीखाली नेण्याचे आदेश दिले. सौरऊर्जेचा आणि खर्चाचा मुद्दा पुढे करून केंद्राने हरकत घेतली, आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो सरसकट आदेश मागे घेऊन कोणत्या तारा कुठे हलवायच्या हा प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला.